तोक्योच्या निशिकासाईतल्या काकूंस

ती. स्व. काकूंस,
सा. न. वि. वि.

समोरासमोर आभार मानू लागले की तुम्ही चहाचे आधण ठेवायला उठता, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते उघडपणे लिहिण्याचे कारण एवढेच की तोक्योत नव्याने आलेल्या आपल्या माणसांना त्यातले काही उपयोगी पडावे.

चिपळूणच्या दमट हवेत वाढल्यामुळे अंग कोरडे पडणे म्हणजे काय हे मला ठाऊकच नव्हते. इथला हिवाळा कोरडा असतो असे ऐकले होते, पण डिसेंबर सरता सरता नडग्यांवर आटलेल्या तळ्याच्या गाळासारखी जाळी पडली आणि सलवारीची नाडी बसते त्या जागी खाजवून खाजवून रक्त येऊ लागले. गावाहून आणलेले एक मलम, ज्यात स्टेरॉइड, बुरशीचे औषध आणि प्रतिजैविक अशी तिन्ही एकत्र होती, ते मी कोणालाही न विचारता तीन आठवडे लावत राहिले. शेवटी एकटीच एका दवाखान्यात गेले, तर जपानी बोलणारे कोणी सोबत घेऊन या, असे सांगून मला काउंटरवरूनच अतिशय नम्रपणे परत पाठवण्यात आले. त्या नम्रतेचाच मला जास्त राग आला होता. तुम्ही मात्र त्यांना दोष दिला नाही. ‘ऐकण्यात चूक झाली तर औषधात चूक होईल, याची त्यांना धास्ती असते,’ एवढेच म्हणालात आणि ती मलमाची ट्यूब फेकू नकोस, सोबत घे, असे बजावलेत.

शनिवारी सकाळी आपण स्टेशनजवळच्या हिफुकात, म्हणजे त्वचारोगाच्या दवाखान्यात गेलो. बूट काढून सपाता घातल्या, विम्यासाठी मायनंबर कार्ड, म्हणजे इथले ओळखपत्र, यंत्रावर ठेवून चेहरा दाखवला आणि हातात मोन्शिन्ह्यो आला, म्हणजे डॉक्टरांकडे जाण्याआधी भरायचा प्रश्नांचा कागद. त्रास केव्हापासून, कोणती औषधे चालू आहेत, कशाची ॲलर्जी आहे का, असे प्रश्न आणि खाली माणसाच्या पुढच्या-मागच्या बाजूची आकृती. तो कागद तुम्ही दोन मिनिटांत भरला असता, पण पेन माझ्याच हातात दिलेत आणि पाठीमागच्या आकृतीवर कमरेपाशी गोल काढताना माझा हात अडखळला तेव्हा दुसरीकडे पाहिलेत.

मग वाट पाहण्याच्या तासाभरात तुम्ही पिशवीतून एक पाठकोरा कागद काढून त्यावर दोन रकाने आखलेत. डावीकडे देवनागरीत जपानी शब्द, उजवीकडे मराठी. कायुइ, खाज. हिरिहिरि, चुरचुर. चिकुचिकु, टोचल्यासारखे. कासाकासा, खरखरीत कोरडे. दुखण्याचे असे दुहेरी नादाचे शब्द दोन्ही भाषांत आहेत हे मला त्या बाकावर बसून कळले. इंग्रजीत सांगायला गेले असते तर चुरचुरीला काय म्हणायचे इथेच अडले असते.

तपासणीच्या वेळी तुम्ही पडद्याबाहेर पाठ करून उभ्या राहिलात. डॉक्टरांनी ‘हिरिहिरि?’ असे विचारले आणि मी आतून ‘नाही, रात्री कायुइ’ असे अर्धे मराठी, अर्धे जपानी उत्तर दिले, तेव्हा तुम्ही बाहेरून फक्त ‘नाही’ तेवढे भाषांतरित केलेत. माझ्या वतीने तुम्ही सगळे बोलू शकत होता, पण बोलला नाहीत, त्यासाठी मी तुमची सर्वांत जास्त ऋणी आहे. तीन तास वाट आणि तीन मिनिटे तपासणी असे जपानी लोक स्वतःच चेष्टेने म्हणतात, हे तुम्ही नंतर सांगितलेत. आपली मिनिटे थोडी जास्तच झाली असावीत. डॉक्टरांनी त्वचेचा कोंडा खरवडून तिथेच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, बुरशी दिसली नाही. ट्यूब वाचून ते नुसते ‘हं’ म्हणाले, आणि त्या ‘हं’चे भाषांतर तुम्ही केले नाहीत. निदान त्वचेतला स्निग्धपणा कमी होऊन उठलेल्या इसबाचे झाले. कढत पाण्यात फार वेळ बसायचे नाही, नायलॉनच्या टॉवेलने अंग घासायचे नाही, आंघोळीनंतर लगेच मॉइश्चरायझर लावायचे. घासण्यावरून तुम्हाला दिवाळीचे उटणे आठवले आणि आपण दोघी हसलो.

बिलाच्या ३० टक्के रक्कम भरून निघालो. औषधाची चिठ्ठी दिल्याच्या दिवसासह चारच दिवस चालते, म्हणून तुम्ही मला घरी जाऊ न देता थेट शेजारच्या औषधांच्या दुकानात नेलेत. तिथल्या फार्मासिस्टबाईंनी स्वतःच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची रेघ काढून दाखवली: साधारण अर्धा ग्रॅम, दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. तोवर मी मलम भीत भीत, टिकलीएवढेच लावत होते. इथे स्टेरॉइड मलमांच्या तीव्रतेच्या ५ पायऱ्या मानतात, आणि नडग्यांसाठी कोणती, कमरेसाठी कोणती हे त्यांनी डबीवर वेगवेगळे लिहून दिले. औषधांच्या नोंदीची छोटी वही, ओकुसुरि तेच्यो, तीही तिथेच मिळाली. ती आता पासपोर्टशेजारी असते.

मागच्या आठवड्यात दाखवायला मी एकटी गेले होते. कमरेची जागा भरून आली आहे, तिथले मलम बंद झाले. खालच्या मजल्यावर नवीन आलेल्या साताऱ्याच्या मुलीला तिच्या बाळाला दाखवायचे आहे, म्हणून तुमचा कागद कोंबिनीत, म्हणजे इथल्या छोट्या दुकानात, नेऊन १० येनमध्ये त्याची झेरॉक्स काढली आणि तिला दिली. मूळ कागद मात्र मी परत करणार नाही. त्यात डावीकडे माझ्या हाताने एक शब्द वाढवला आहे: शिमिरु, आणि समोर ‘झोंबते’. बरोबर आहे ना, तेवढे पाहून सांगावे.

आपली,
तिसऱ्या मजल्यावरची