‘जिगरी दोस्त’ ही जर्मनी-जपानची ओळख चुकीची

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील दुसऱ्या महायुद्धावरच्या लेखात जर्मनी आणि जपान यांना ‘जिगरी दोस्त’ म्हटले आहे. तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवताना ‘अक्ष राष्ट्रे : जर्मनी, इटली, जपान’ ही ओळ मीही दरवर्षी फळ्यावर लिहिली आणि मुलांनी ती वहीत उतरवून घेतली. त्या ओळीमुळे मनात जी घट्ट मैत्री उभी राहते, ती प्रत्यक्षात कधी नव्हतीच. उलट हे दोन देश शत्रू असताना त्यांची माणसे एकमेकांना जितकी ओळखू लागली, तितकी मित्र असताना ओळखू शकली नाहीत.

प्रशिया (जर्मनीतले तेव्हाचे बलाढ्य राज्य) आणि जपान यांच्यात १८६१ मध्ये पहिला करार झाला. पुढे मेईजी सम्राटाच्या काळात जपानने जर्मनांकडून भरभरून घेतले. १८८९ ची राज्यघटना बरीचशी प्रशियाच्या वळणाची होती, सैन्याधिकाऱ्यांना शिकवायला मेजर मेकेल आले, वैद्यक शिकवायला डॉ. बेल्झ. बर्लिनला रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जपानी किताझातो आणि जर्मन बेरिंग यांनी १८९० मध्ये धनुर्वात आणि घटसर्प यांवरचे मूलभूत संशोधन एकत्र प्रसिद्ध केले. पण पाचच वर्षांनी याच जर्मनीने रशिया आणि फ्रान्स यांच्या जोडीने दबाव आणून, चीनकडून मिळालेला लिआओतुंग द्वीपकल्प जपानला सोडायला लावला. ते शल्य जपानच्या मनात राहिले.

पहिल्या महायुद्धात जपान जर्मनीच्या विरुद्ध लढला, हे आपल्याकडे पदवीधरांनाही सांगावे लागते. चीनच्या किनाऱ्यावरचा जर्मनांचा त्सिंगताओ तळ ७ नोव्हेंबर १९१४ रोजी पडला आणि साडेचार हजारांहून अधिक जर्मन व ऑस्ट्रियन सैनिक युद्धकैदी म्हणून जपानात आले. त्यातले सुमारे हजार जण १९१७ पासून शिकोकू बेटावरच्या बांदो छावणीत होते. छावणीचे प्रमुख मात्सुए तोयोहिसा आइझु प्रांतातले. १८६८ च्या यादवीत आइझुचे सामुराई हरले होते आणि त्यांच्या घराण्यांनी पुढे फार सोसले होते. हरलेल्या माणसाला कसे वागवू नये, हे मात्सुएंना घरातूनच ठाऊक असणार. त्यांच्या छावणीत कैदी वर्तमानपत्र काढत, नाटके बसवत, पाव भाजत. गावकऱ्यांना त्यांनी भाजीपाल्याची लागवड आणि दुधाचे पदार्थ शिकवले, ओढ्यावर दगडी पूल बांधून दिला. १ जून १९१८ रोजी त्यांनी बेथोव्हेनची नववी सिंफनी (वाद्यवृंद आणि गायकवृंदाची रचना) संपूर्ण सादर केली. आशियातला तो पहिला पूर्ण प्रयोग मानतात. छावणीत बायका नव्हत्या, तेव्हा स्त्रियांच्या आवाजासाठी लिहिलेला भागही पुरुषांनीच गायला. सगळ्या छावण्या अशा नव्हत्या, कुरुमेच्या छावणीत वागणूक बरीच कडक होती, हेही नोंदवले पाहिजे. आणि ज्या सैन्यात मात्सुए होते, त्याच सैन्याने पंचवीस वर्षांनी सयाम (आताचे थायलंड)-ब्रह्मदेश रेल्वेवर कैद्यांना मरेपर्यंत राबवले.

आता ‘मैत्री’चा काळ पाहा. १९३६ मध्ये दोघांनी साम्यवादविरोधी करार केला. १९३९ च्या उन्हाळ्यात मंगोलियाच्या सीमेवर जपानी सैन्य रशियाशी लढत होते आणि त्याच ऑगस्टमध्ये हिटलरने स्टालिनशी करार केला. तोक्योला हा धक्का एवढा मोठा होता की हिरानुमा मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. तरी सप्टेंबर १९४० मध्ये इटलीसह त्रिपक्षीय करार झालाच. १९४१ च्या वसंतात जपानचे परराष्ट्रमंत्री मात्सुओका बर्लिनला गेले. रशियावर स्वारी करायचे ठरले आहे, हे हिटलरने त्यांना सांगितले नाही. परतीच्या वाटेवर मॉस्कोत त्यांनी रशियाशी तटस्थतेचा करार केला आणि दहा आठवड्यांत जर्मन फौजा रशियात शिरल्या. जपाननेही पर्ल हार्बरच्या बेताची बर्लिनला ताकास तूर लागू दिली नाही.

या युतीत आपण कुठे होतो? १८ जानेवारी १९४२ च्या लष्करी करारात त्यांनी ७० अंश पूर्व रेखांशावर जगाची वाटणी केली. नकाशा काढून पाहावा : द्वारका जर्मनांच्या बाजूला, आणि मुंबई, रत्नागिरी, गोवा जपान्यांच्या. त्याच वर्षी भारताच्या स्वातंत्र्याच्या बाजूने तिघांनी मिळून जाहीरनामा काढावा, असे जपानने सुचवले, ते हिटलरने मानले नाही. नेताजी त्याला मे महिन्यात भेटले, तरीही नाही. ‘अक्ष राष्ट्रे जिंकली असती तर आपण लवकर सुटलो असतो’ असे मोबाइलवर फिरणारे संदेश मला तरुण नातेवाईक पाठवतात, तेव्हा वाईट वाटते.

एप्रिल १९४३ मध्ये मादागास्करजवळच्या खवळलेल्या समुद्रात नेताजी आणि त्यांचे सहकारी आबिद हसन जर्मन पाणबुडीतून जपानी पाणबुडीत गेले, हे आपल्याला पाठ आहे. त्या अदलाबदलीत दोन जपानी नौदल अधिकारी उलट दिशेने जर्मनीकडे गेले. त्यांतले एक पाणबुड्यांचे अभियंता तोमोनागा हिदेओ. दोन वर्षांनी ते दुसऱ्या एका जर्मन पाणबुडीतून मायदेशी निघाले होते. बोटीत ५६० किलो युरेनियम ऑक्साइड होते. वाटेतच जर्मनी शरण गेला आणि कप्तानाने बोट अमेरिकनांच्या स्वाधीन करायचे ठरवले. तोमोनागा आणि त्यांचे सहकारी शोजी यांनी झोपेचे औषध जास्त प्रमाणात घेऊन बोटीतच जीव दिला. जर्मन खलाशांनी त्यांना समुद्रात निरोप दिला.

लेखमालेचा पुढचा भाग निघणार असेल, तर त्यात बांदोच्या छावणीला आणि तोमोनागांना जागा मिळावी, अशी विनंती आहे.

आपला,
एक सेवानिवृत्त इतिहास शिक्षक, सातारा