डिंगी घ्यायच्या आधी टेप घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत छोट्या शिडाच्या बोटीवरून लांबचा प्रवास कसा करायचा यावरचा लेख वाचला. छान होता, शिडं, इंजिन, नांगर सगळ्यावर भरभरून लिहिलंय, पण डिंगीला, म्हणजे मोठ्या बोटीसोबत न्यायच्या छोट्या होडीला, मात्र एकच वाक्य मिळालं, 'किनाऱ्यावर जायला एखादी छोटी डिंगी सोबत ठेवावी'. अहो एखादी म्हणजे कुठली, आणि सोबत म्हणजे नक्की कुठे? आठ-नऊ मीटरच्या बोटीवर सगळ्यात जास्त भांडणं याच विषयावर होतात (आमच्याकडे तरी झालीत), म्हणून हे पत्र. आणि बिचारा शब्द तरी बघा, इंग्रजांनी तो हिंदी-बंगालीतून उचलला, म्हणजे वस्तू नाही तर निदान नाव तरी इकडचं, एका वाक्यावर बोळवण नको होती.

माझं म्हणणं सरळ आहे, आधी ठेवायची जागा मोजायची आणि मग त्या जागेत बसेल ती डिंगी घ्यायची. लोक बरोबर उलटं करतात. आम्हीही केलं. आमची बोट साडेआठ मीटरची, पहिली डिंगी घेताना माणसं किती बसतील, मोटर किती हॉर्सपॉवरची लागेल, सामान किती मावेल हे सगळं विचारून झालं, विकणारा म्हणाला मोठीच घ्या, चौघं ऐसपैस बसाल, आम्ही पण मान डोलावली आणि २.९ मीटरची रिब (तळ फायबरग्लासचा कडक आणि बाजूंना हवेच्या नळ्या) घेऊन आलो. डोलकाठीच्या पुढच्या डेकवर उलटी टाकून बघितली तर हॅच (डेकमधलं झाकणाचं दार) झाकली गेली, नांगराच्या कप्प्याचं झाकण उघडेना, आणि सुकाणूपाशी बसलं की पुढचं काही दिसेना. वजन पन्नास किलोच्या वर, दोघांना उचलताना घाम फुटला. ती हॅच फक्त हवेसाठी नसते हो, खाली आग लागली आणि मागचा जिना बंद झाला तर बाहेर पडायचा तो दुसरा रस्ता असतो, त्यावर डिंगी बांधून ठेवायची म्हणजे काय ते समजून घ्या.

मग राहिलं काय, तर दोराने मागे ओढत न्यायची. सपाट पाण्यात काही वाटत नाही, थोडा वेग कमी होतो एवढंच. पण दुपारी मागून वारा वाढला आणि लाटा उठल्या की खरी मजा, डिंगी लाटेवरून घसरत येऊन आमच्या बोटीच्या पाठीवर आदळायची, मग मागे राहायची आणि दोर ताणला की अख्ख्या बोटीला हिसका बसायचा. असं तासभर चाललं आणि मग एका झोताने तिला खालून उचललं आणि पालथी केली. पालथी डिंगी म्हणजे दुसरा नांगरच, बोट जागची हलेना, दोर ज्या कडीला बांधला होता ती कडी कापडासकट फाटून निघाली, दोन्ही वल्ही गेली. मोटर आदल्या रात्री काढून वर घेतली होती ही एकच अक्कल आम्ही दाखवली होती. ओढत न्यायचीच असेल तर मोटर, वल्ही, पेट्रोलची टाकी सगळं बाहेर, दोर पाण्यावर तरंगणारा पॉलीप्रॉपिलीनचा, आणि त्याची लांबी अशी की बोट आणि डिंगी दोन्ही लाटेवर एकाच वेळी चढतील-उतरतील. नांगर टाकायच्या आधी तो दोर आखडून घ्यायला विसरायचं नाही, बोट रिव्हर्सला घेतली की तो पहिला जाऊन इंजिनच्या पाण्यातल्या पंख्यातच अडकतो. हे पण आम्ही करून बघितलंय.

लेखात फोटो होता तो बोटीच्या मागे लोखंडी हातांना डिंगी टांगलेला, त्यांना डेव्हिट म्हणतात. मोठ्या बोटीला ठीक, दिसतंही रुबाबदार. छोट्या बोटीला सगळं वजन एकदम शेपटीवर येतं, आपोआप सुकाणू धरणारा वाऱ्याचा पंखा बसवला असेल तर दोघांची एकाच जागेवरून मारामारी, आणि मागून लाट आत आली की बघायला नको. मधल्या आकाराच्या डिंगीत वीतभर पाणी साठलं तरी दोन-अडीचशे किलो होतात, ते त्या दोन हातांवर लटकणार. तळाचं बूच उघडं ठेवलं तर पावसाचं पाणी निघून जातं, पण लाट थांबून वाट बघत नाही.

आता कुठली घ्यायची. हवेच्या डिंगीत मुख्य फरक कापडाचा आणि तळाचा. पीव्हीसी हलकं आणि स्वस्त पण उन्हात वर्षानुवर्षं पडून राहिलं की चिकट होतं आणि सांधे सुटायला लागतात, हायपलॉन म्हणजे रबरी लेपाचं कापड, ते ऊन जास्त सोसतं. (ड्यूपॉंटने हायपलॉन बनवणं कधीच बंद केलं, त्याच जातीचं कापड आता दुसरे बनवतात पण लोकांच्या तोंडी नाव तेच.) पीव्हीसीवर कापडाचं कव्हर शिवून घातलं तर आयुष्य बरंच वाढतं, त्यामुळे मला तो फरक तितका मोठा वाटत नाही, तळाचा जास्त वाटतो. फळ्या जोडायचा तळ हलत्या डेकवर बसवताना बोटं चेमटतात आणि तोंडातून नको ते शब्द येतात. हवेचा तळ हलका, पण त्यात हवा भरपूर दाबाने लागते, बाजूच्या नळ्यांना पाव बार (बार हे दाबाचं माप) पुरते तर याला साधारण पाऊण बार, म्हणजे पंप मारून दंड भरून येतात, आणि कमी भरली तर पायाखाली गादी. पट्ट्यांचा तळ असतो तो तसाच गुंडाळता येतो, वेगात पळत नाही, बसायला ओलं, पण पिशवीत जातो.

लाकडाची किंवा फायबरची कडक डिंगी मात्र हवेवाले उगाच हसण्यावारी नेतात. वल्हवायला तिच्यासारखं सुख नाही, खडकाळ किनाऱ्यावर ओढली तरी पंक्चर नाही. रात्री बोटीच्या अंगावर आपटत राहते आणि पाय चुकीच्या जागी पडला की कलंडते, ते खरंय. जागेचा प्रश्न असेल तर दोन तुकड्यांची बनवतात, पुढचा अर्धा भाग मागच्यात बसतो, ३ मीटरची डिंगी पावणेदोन मीटरच्या आत मावते. पॉलीप्रॉपिलीनच्या घडीच्याही मिळतात, मिटली की जाड फळीसारखी कठड्याला उभी बांधायची, उघडताना मात्र पहिल्यांदा दोन माणसं आणि भरपूर संयम लागतो.

कडक डिंगीचं नाव निघालं की मला शिडाच्या बोटीने जगप्रवासाला निघालेलं ब्रिटिश रॉबर्टसन कुटुंब आठवतं. जून १९७२ मध्ये गालापागोस बेटांच्या पश्चिमेला किलर व्हेलनी त्यांची बोट 'ल्युसेट' फोडली, ती मिनिटांत बुडाली, हवेचा लाइफराफ्ट (जीव वाचवायचा तराफा) सोळा-सतरा दिवसांनी कामातून गेला आणि मग सहा माणसं जेमतेम ३ मीटरच्या फायबरग्लासच्या डिंगीत राहिली, ३८व्या दिवशी जपानी मासेमारी बोटीने उचललं. ती डिंगी, 'एडनामेर', आता इंग्लंडमधल्या फालमथच्या म्युझियममध्ये आहे. म्हणून डिंगीलाच लाइफराफ्ट समजू नका बरं का, दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांच्याकडेही दोन्ही होत्या म्हणून निभावलं.

मोटरचं पण थोडं सांगतो. अडीच हॉर्सपॉवरची फोरस्ट्रोक सतरा-अठरा किलो भरते, ऐकायला कमी वाटतं, पण हलत्या बोटीवरून हलत्या डिंगीत वाकून देताना तेच वजन दुप्पट होतं, तेव्हा तिला दोर बांधल्याशिवाय हात लावू नये. आडवी ठेवताना तिच्यावर बाण दाखवलेला असतो त्याच कुशीवर ठेवायची, नाहीतर तेल सिलिंडरमध्ये उतरतं आणि सकाळी ती सुरूच होत नाही. पेट्रोलची टाकी खालच्या बंद कप्प्यात ठेवायची नाही, वाफ जड असते, तळाशी साठते. बॅटरीवाल्या मोटरींची बॅटरी वेगळी निघते, ते उचलायला सोपं. आणि दोन मिनिटांचं तर अंतर म्हणून लाइफजॅकेट न घालता रात्री डिंगीत बसणारे बघितले की मला राग येतो. बोटीवर दिवसभर घालून फिरणारेच तिथे काढून ठेवतात!

नांगरावर असताना रात्री डिंगी पाण्यात सोडायची नाही, शीड चढवायच्या दोराला तीन टोकांचा झोळा लावून विंचने (दोर ओढायच्या चरखीने) बोटीच्या बाजूला कठड्याच्या उंचीवर उचलायची. चोरी होत नाही, तळाला शेवाळ धरत नाही, वाऱ्याने पालथी होत नाही, आणि रात्रभर कानाशी चपचप पण नाही.

तर शेवटी आम्ही काय केलं, डेकवर खडूने चौकटी आखल्या. हॅच उघडून, नांगर खाली-वर करून, शिडाचे दोर ओढून, सुकाणूपाशी बसून बघितलं, आणि सगळ्यातून उरली ती डोलकाठीपुढची एक मीटर दहा बाय साठ सेंटिमीटरची जागा. त्यात फक्त गुंडाळलेली पट्ट्यांच्या तळाची २.३ मीटरची डिंगी बसली, वीस-बावीस किलोची, एकटा माणूस उचलतो. फुगवायला दहा मिनिटं जातात, चौघं असलो की दोन फेऱ्या होतात आणि सगळ्यांच्या पँटी मागून ओल्या. जुनी रिब ज्याने घेतली त्याची बोट बारा मीटरची आहे, तो खूश आहे.

पुढच्या लेखात डेकचा एखादा नकाशा मापांसकट छापलात तर बरं होईल. आमच्याकडे खडू पावसाने धुऊन गेला, पण कुणी नवीन डिंगीचं नाव काढलं की बायको काही न बोलता कप्प्यातून टेप काढून टेबलावर ठेवते.

आपला,
एक नियमित वाचक