बाबा, जामीनदाराच्या जागी सही करू नका

ती. बाबांस,
सा. न.

छोट्याने विमान कंपनीच्या नोकरीच्या बाँडचे, म्हणजे त्या करारनाम्याचे, फोटो पाठवले, ते मिळाले. अकरा पानं आहेत. हॉटेलच्या खोलीत बसून दोनदा वाचली. माझ्या वैमानिकाच्या सहामाही सिम्युलेटर चेकसाठी (नकली कॉकपिटमधली परीक्षा) इथे आले आहे आणि उद्या पहाटे चारचा स्लॉट मिळालाय, म्हणजे आज झोपेचं खोबरं झालेलंच आहे. परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "कंपनी शिकवणार, तर तीन वर्षं बांधून घेणारच. त्यात वावगं काय?" आणि मागून आईचा आवाज आला, "वेठबिगारी आहे ही." तुमचं दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. फोनवर ते नीट सांगता येईना, म्हणून लिहायला घेतलं.

आधी तुमची बाजू घेते. छोट्याकडे कमर्शियल लायसन्स आहे, पण तेवढ्यावर त्याला कुठलंही प्रवासी जेट चालवता येत नाही. विमानाच्या प्रत्येक जातीचं टाइप रेटिंग, म्हणजे ती जात चालवायची परवानगी, वेगळं. एअरबस ए-३२० वर दहा वर्षं काढलेला कॅप्टनसुद्धा बोइंग ७३७ मध्ये रेटिंगशिवाय फक्त प्रवासी म्हणून बसू शकतो. हे रेटिंग म्हणजे आधी ग्राउंड स्कूल, मग सिम्युलेटरमध्ये चार-चार तासांची सत्रं, त्यात नेमकं विमान जमीन सोडायच्या बेताला इंजिन बंद पाडणारा इन्स्ट्रक्टर, मग परीक्षा, मग नवख्याला रिकामं खरं विमान देऊन करून घेतलेली लँडिंग. त्यानंतर लाइन ट्रेनिंग: मागे खरे प्रवासी, शेजारी ट्रेनिंग कॅप्टन, आणि सुरुवातीला मागच्या जादा सीटवर (जंपसीट) तिसरा वैमानिक, दोघांपैकी कुणाचं चुकलं तर सावरायला. हा सगळा खर्च कंपनीचा. आणि पोराचे उड्डाणाचे पाचशे तास झाले की शेजारची कंपनी त्याला आयतं उचलते. तेव्हा कंपनीची भीती खोटी नाही, हे मान्य.

दुसरा रस्ता म्हणजे रेटिंग स्वतःच्या खर्चाने करणं. तो मला बाँडपेक्षा वाईट वाटतो. युरोपात रेटिंगची मुदत एक वर्षाची असते. नोकरी लागली नाही तर कर्ज तेवढं उरतं, आणि ज्या विमानाचं रेटिंग आहे त्यावरचे तास शून्य. माझ्या बॅचच्या दोघांनी हे केलं. त्यातला एक आज उड्डाण सोडून तिसऱ्याच धंद्यात आहे, आणि सुखी आहे म्हणतो. त्याहून वाईट म्हणजे उलट कंपनीलाच पैसे भरून सहवैमानिकाच्या उजव्या सीटवर बसायचं, तासांसाठी. त्यावर मी एक ओळही खर्च करणार नाही.

म्हणून छोट्याने बाँड घ्यावा का, या प्रश्नाला माझं उत्तर हो असंच आहे. पण हा कागद नाही.

पान ४ काढा. तिथे ३६ महिने म्हटलंय, आणि खालच्या ओळीत, बारीक अक्षरात, मोजणी "स्वतंत्र लाइन उड्डाणास मान्यता मिळाल्याच्या दिनांकापासून" आहे. या ओळीवरून नजर सहज घसरते. कोर्स सुरू झाल्यापासून ती मान्यता मिळेपर्यंत मध्ये किती काळ जाईल, हे छोट्याच्या हातात अजिबात नसतं. सिमचा स्लॉट मिळत नाही, ट्रेनिंग कॅप्टन कमी पडतात, विमानं वेळेवर येत नाहीत. २०२० मध्ये कितीतरी पोरं रेटिंग करून घरी बसली होती. त्यांची घड्याळं सुरूच झाली नव्हती आणि बाँडवर सही मात्र झालेली होती. वर्षभर असा बसला तर ३६ चे ४८ झाले. वर याच कागदात लिहिलंय की राजीनामा बाँड पूर्ण झाल्यावरच विचारात घेतला जाईल. डीजीसीएने, म्हणजे आपल्या विमान वाहतूक नियामकाने, २०१७ साली नोकरी सोडताना सहवैमानिकांना सहा महिन्यांची नोटीस घातली आहे, कमांडरना (कॅप्टनना) एक वर्षाची. ते सहा महिने पुढे जोडा. तीन वर्षांचा बाँड म्हणता म्हणता साडेचार वर्षं झाली, आणि पगार पहिल्या दिवशीच्या हिशोबाने. मोजणी कोर्सच्या पहिल्या दिवसापासून हवी. ते नाहीच जमलं तर "किंवा कोर्स संपल्यापासून ६० दिवस, यांपैकी जे आधी येईल ते" असं तरी घालून घ्यायला सांगा.

पान ७ वर रक्कम आहे. आकड्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार अशी की ती शेवटच्या दिवसापर्यंत तेवढीच राहते. पस्तिसाव्या महिन्यात सोडलं तरी पूर्ण भरायची, म्हणजे पस्तीस महिने केलेल्या कामाची किंमत शून्य. सरळ हिशोब असा की दर महिन्याला छत्तिसावा हिस्सा उतरावा. वीस महिने झाले तर सोळा हिस्से बाकी. असा उतरता बाँड बऱ्याच कंपन्या देतात, मागितला तर याही देतील. कंपनीचा माणूस "हा स्टँडर्ड फॉरमॅट आहे, बदलता येत नाही" म्हणेल. मलाही म्हणाला होता. माझ्या दुसऱ्या नोकरीत मी आठ दिवस सही न करता बसून राहिले, आणि नवव्या दिवशी तोच फॉरमॅट बदलून आला.

पान ९ सगळ्यात घातक आहे. "कोणत्याही कारणाने सेवा संपुष्टात आल्यास." कोणत्याही म्हणजे कंपनीने कपात केली तरी, मेडिकल (उडायला लागणारं वैद्यकीय प्रमाणपत्र) गेलं तरी, बेस (ड्युटीचं शहर) हलवला आणि घरच्या अडचणीने जाता आलं नाही तरी. बाबा, तुम्ही नोकरीभर लोकांचे कागद वाचलेत, तुम्हाला हे मी काय सांगू. स्वतःच्या मर्जीने सोडलं तर भरीन, हे न्याय्य आहे. तुम्ही मला काढाल आणि वर माझ्याकडूनच वसूल कराल, हे नाही. जर्मनीतली कामगार न्यायालयं नेमका हाच भेद करतात. ज्या जाण्याला कर्मचारी जबाबदार नाही, त्यालाही वसुली लावणारं कलम तिथे टिकत नाही, आणि प्रशिक्षण जितकं छोटं तितकीच बांधणीही छोटी लागते. कॅलिफोर्नियाने तर १ जानेवारी २०२६ पासूनच्या नव्या करारांत "राहा नाहीतर पैसे भरा" या तऱ्हेच्या अटींवर काही अपवाद सोडून बंदीच घातली.

आपल्याकडे तसं नाही. छोट्याला कुणीतरी सांगितलंय की बाँड कोर्टात टिकत नाही, धंदा-नोकरीला अडवणारे करार रद्द ठरवणारं १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ आहे ना. त्याला सांगा, अशा भरवशावर सही करू नकोस. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांची अट आणि ठरलेली भरपाई, दोन्ही मान्य केली. कलम ७४ प्रमाणे रक्कम वाजवी हवी, हे खरं आहे. पण ते वाजवी-गैरवाजवी ठरेपर्यंत नवी कंपनी जुन्या कंपनीच्या ना-हरकत पत्राची वाट पाहत थांबत नाही. वैमानिकाचं वय आणि तास, दोन्ही कोर्टाच्या तारखांमध्ये जातात.

आता माझी एक गोष्ट, जी मी तुम्हाला आजवर सांगितलेली नाही. आईला वाचून दाखवताना हवं तर गाळा.

माझ्या पहिल्या नोकरीत असाच कागद होता, "कोणत्याही कारणाने" वाला. तेव्हा मला वाटलं, आपण कशाला सोडतोय. चौदाव्या महिन्यात सलग पाचवी पहाटेची ड्युटी होती आणि मला सर्दी झाली होती. कान बंद. नियम साधा आहे: कान मोकळे होत नसतील तर उडायचं नाही. पण आजारी असल्याचं महिन्यातून दुसऱ्यांदा कळवलं की ऑफिसात बोलावणं यायचं, तिथे बाँडची फाइल टेबलावर ठेवलेली असायची. कुणी धमकी देत नसे. फाइल नुसती ठेवलेली असायची. मी नाकात औषध मारलं आणि गेले.

उतरताना डावा कान फुटतोय असं दुखायला लागलं. रेडिओ माझ्याकडे होता, विमान कॅप्टनच्या हातात. कंट्रोलर म्हणाला 'वन वन झिरो', म्हणजे ११,००० फूट. मी परत वाचून दाखवलं 'वन हंड्रेड', म्हणजे १०,०००. हजार फुटांचा फरक, बाबा. दोन विमानं एकावर एक ठेवताना मध्ये सोडतात तेवढाच. कॅप्टनने उंचीच्या नॉबवर ११,००० लावलं होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं, स्वतः बटण दाबून दुरुस्ती केली आणि पुढे एक शब्द बोलला नाही. गेटला लागल्यावर, प्रवासी उतरत असताना, त्याने विचारलं, "सकाळपासून आहे ना ही सर्दी?" मी हो म्हटलं. "मग घरी का नाही थांबलीस?"

मी चेकलिस्ट परत जागेवर ठेवत बसले. बाँडचे बावीस महिने बाकी आहेत, हे उत्तर त्या कॉकपिटमध्ये मोठ्याने देण्यासारखं नव्हतं.

२००९ साली १२ फेब्रुवारीच्या रात्री अमेरिकेत बफेलोजवळ कोलगन एअरचं ३४०७ क्रमांकाचं विमान पडलं, ५० माणसं गेली. कॅप्टनने स्टॉलच्या (वेग कमी पडून पंखांचा आधार सुटण्याच्या) इशाऱ्यावर उलटी कृती केली, हे त्याचं मुख्य कारण, आणि बाँडचा तिथे काही संबंध नव्हता. पण त्या विमानातली सहवैमानिक सर्दीने बेजार होती, देशाच्या दुसऱ्या टोकाहून रात्रभर प्रवास करून ड्युटीवर आली होती. कॉकपिटच्या रेकॉर्डिंगमध्ये ती सांगते की असं घरी असताना वाटलं असतं तर मी इतक्या लांब आलेच नसते. तो अहवाल आम्हाला शिकताना वाचायला लावतात. मी तो त्या सर्दीच्या दिवसाच्या आधीही वाचला होता आणि नंतरही. नंतर वाचताना त्या वाक्यापाशी अडले.

आमच्या कामात हाताचं कौशल्य लागतं, पण कॅप्टन आम्हाला त्यापेक्षा जास्त एका गोष्टीसाठी शेजारी बसवतो. गरज पडेल तेव्हा आम्ही "नाही" म्हणावं म्हणून. लँडिंग नीट नाही, परत वर घ्या. मी थकलेय, आज नको. बाँडने वर्षं अडकली तर चालतात. हा "नाही" अडकला तर चालत नाही. माझ्या मते बाँडची रक्कम किती असावी याचं मोजमापही तेच: छोट्या ज्या दिवशी "नाही" म्हणेल, त्या दिवशी स्वतःच्या खात्यातून भरू शकेल इतकी. पगार सुरू झाला की पहिली गोष्ट ही करायची, बाकी असलेल्या बाँडइतके पैसे बाजूला साठवायचे आणि त्याला हात लावायचा नाही. दोन्ही आकडे एकमेकांना गाठतात त्या दिवशी माणूस ताठ बसायला लागतो. मला अठरा महिने लागले.

आणि म्हणूनच शेवटचं पान. त्यावर दोन जामीनदारांच्या सह्यांची जागा आहे आणि छोट्याने उत्साहाने तुमचं नाव पेन्सिलीने लिहूनही ठेवलंय. बाबा, इथे सही करू नका. जामीनदाराची जबाबदारी मूळ देणेकऱ्याइतकीच असते हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत, कलम १२८ सकट. कंपनी आधी तुमच्या दारात येऊ शकते. पण मला तुमच्या पैशांची तेवढी काळजी नाही. मी फाइलला घाबरले, कारण त्यात माझे पैसे होते. छोट्याच्या फाइलमध्ये तुमचं घर असेल. तो सर्दीतही जाईल, तापातही जाईल.

पुढच्या तारखांचे कोरे चेक मागितलेत, तेही नको. कुठल्याही चेकवर रक्कम आणि तारीख लिहिलेली असल्याशिवाय सही नाही. लॉगबुक आणि मूळ मार्कशीट "सुरक्षित ताब्यात" ठेवायच्या म्हणतात, त्याला झेरॉक्स द्या. लॉगबुक, उड्डाणाच्या तासांची वही, म्हणजे पोराची कमाई आहे.

कंपनी जामीनदारावर अडूनच बसली तर? तर तीच एक गोष्ट आहे जिच्यासाठी मी त्याला ही नोकरी सोड म्हणेन. बाकी सगळ्यावर घासाघीस करावी, हवं तर थोडं हरावं. त्याला राग येईल, ठाऊक आहे. दीड वर्ष वाट पाहिली आहे त्याने. ताई स्वतः बाँड करून उडते आणि मला शिकवते, असंही म्हणेल. म्हणू दे.

चेक संपला की दुपारी फोन करते. तोवर पान ४, ७ आणि ९ च्या कडेला खुणा करून ठेवायला सांगा त्याला, आणि तुमचं नाव खोडायला. पेन्सिलीचंच आहे अजून.

तुमची,
ताई

ता. क. आईला सांगा, कान आता ठणठणीत आहेत. त्यानंतर सर्दीत एकदाही उडाले नाही.