लाकडाचं कौतुक नंतर, आधी पाईप बघा

मा. संपादक,

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात 'युरोप लाकूड जाळून कोळसा बंद करतोय मग आपलं काय अडलंय' अशा अर्थाचं पत्र आलेलं. मी सध्या मुलाकडे स्टॉकहोमला आहे, आणि तो राहतो त्या योर्थहागन भागाला लागूनच वार्तानचा वीज आणि उष्णता बनवणारा प्लांट आहे, रोज फिरायला जाताना दिसतो, म्हणून लिहायचं ठरवलं. आयुष्य साखर कारखान्याच्या बॉयलरवर गेलं, त्यामुळे चिमणी दिसली की पाय थांबतातच.

इथे घरात गिझर नाही, शेगडी नाही. प्लांटमधून गरम पाणी जमिनीखालच्या पाईपांनी बिल्डिंग बिल्डिंगमध्ये येतं, रेडिएटर तापवून थंड होऊन परत जातं. २०१६ ला लाकडाच्या चिप्सचा नवा बॉयलर सुरू झाला, आणि कोळशाचं शेवटचं युनिट एप्रिल २०२० ला बंद केलं, ते पण ठरलेल्या वेळेच्या दोन वर्षं आधी. चिप्स म्हणजे झाडाचे शेंडे, फांद्या, सॉ मिलचा उरलेला माल, बोटीने आणि रेल्वेने येतो. माल ओला असतो, आपल्या बगॅससारखाच, म्हणजे उसाच्या चिपाडासारखा. पण गंमत अशी की त्या ओलाव्याची जी वाफ धुरातून जाते ती हे लोक थंड करून तिची उष्णता पण पाण्यात घेतात!! आमच्याकडे ती सरळ चिमणीतून आभाळात.

तर मुद्दा हा आहे की यांचं जमतं ते पाईपांमुळे, वीज काढून उरलेली उष्णता घरं तापवायला जाते. आपल्या औष्णिक केंद्रात शंभरातली साठच्या वर उष्णता वाया जाते, बरीचशी कूलिंग टॉवरमधून, आणि चंद्रपूरच्या उन्हाळ्यात ती कोणाला देणार सांगा? तिथे कोळशाऐवजी लाकूड टाकलं तरी तेवढंच वाया जाणार. कोळशात ५ टक्के पेलेट, म्हणजे काडीकचरा दाबून केलेल्या गोळ्या, मिसळायचं केंद्राचं धोरण २०२१ ला आलं, त्याला माझा विरोध नाही, कापसाची पराटी, तुरीची तुराटी शेतात पेटवण्यापेक्षा बरंच. पण लांबून ट्रकने आणायचं तर डिझेलचा हिशोब पण मांडा, आणि त्यासाठी उभी झाडं तोडायला कोणी निघालं तर ते परत वाढायला किती वर्षं लागतात तो पण. इथेसुद्धा यावर वाद आहेतच, सगळं गोड नाही.

आपल्याकडे खरं हे काम साखर कारखाना कधीपासून करतोय. बगॅस गेटच्या आतच तयार होतो, वाफेवर वीज, त्याच वाफेवर रस आटवायचा, उरलेली वीज ग्रीडला. गुऱ्हाळाच्या चुलवाणात चिपाडं जळतात ते पण तेच, फक्त कोणी त्याला बायोमास म्हणत नव्हतं. कोजनचे, म्हणजे वाफ आणि वीज एकत्र काढणाऱ्या कारखान्यांचे, जुने बॉयलर सुधारायला आणि त्यांच्या विजेला बरा दर द्यायला पैसा लावा, पत्रलेखकांनी त्यावर पण एक पत्र लिहावं.

बाकी इथे मे महिन्यातही रेडिएटर कोमट आहे आणि मी स्वेटर घालून टाईप करतोय.

आपला,
एक जुना बॉयलरवाला, कोल्हापूर (सध्या मुक्काम स्टॉकहोम)