कोलेस्टेरॉलवर एकतर्फी लिहू नका

महोदय,

आरोग्य पुरवणीत कोलेस्टेरॉल म्हणजे रक्तवाहिन्या तुंबवणारा शत्रू, एवढंच छापून येतं. बारावीला जीवशास्त्र शिकवते. मुलींच्या उत्तरपत्रिकांतही तेच उतरतं. पेशीपटलातलं, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ आवरणातलं, त्याचं काम कुणी सांगतच नाही. २००७ मध्ये ॲड्रेनलिन या संप्रेरकाचा संदेश पेशीत पोचवणाऱ्या बीटा-२ ग्राहक प्रथिनाची (रिसेप्टरची) रचना उलगडली, तेव्हा त्याला बिलगून कोलेस्टेरॉलचे रेणू दिसले. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेणू जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत गुरांच्या मेंदूतल्या पेशीपटलांतून कोलेस्टेरॉल काढून घेतलं, तर सेरोटोनिन या मेंदूतल्या संदेशवाहक रसायनाच्या ग्राहकाची त्याला जोडणाऱ्या रेणूवरची पकड ढिली पडली. परत घातल्यावर ती सुधारली! रक्तातलं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, वाढलं तर उपचार हवेतच, त्यात वाद नाही. पण आपल्याच देशात झालेलं हे काम पुरवणीत सविस्तर यावं, ही कळकळीची विनंती.

— एक शिक्षिका, विश्रामबाग, सांगली