संगाईसाठी हिवाळ्यात लोकताकचे पाणी उतरू द्या

संपादक महोदय,

संगाईच्या बातम्या बहुधा शिरगणतीच्या आकड्यापाशी येऊन थांबतात. १९७५च्या हवाई पाहणीत मणिपूरच्या कैबुल लामजाओमध्ये ही हरणे अवघी १४ दिसली होती. २०१६च्या गणतीत ती २६० भरली. मधल्या काळात, १९७७ साली, तिथे राष्ट्रीय उद्यान झाले, शिकारीला आळा बसला. हे यश कुणी नाकारू नये. पण आता हरणाच्या पायाखालचा थरच विरळ होत चालला आहे आणि त्याचा इलाज वनरक्षकांच्या हाती नाही. तो पाणी अडवणाऱ्यांच्या हाती आहे.

लोकताक सरोवराच्या आग्नेय कोपऱ्यातल्या या सुमारे ४० चौरस किलोमीटरच्या उद्यानाचा बराचसा भाग म्हणजे फुमदी. वर जिवंत गवत, त्याखाली मुळांचे दाट जाळे, सर्वांत खाली अर्धवट कुजलेला काळा लगदा, असा हा तरंगता थर. त्याचा जेमतेम एक पंचमांश भाग पाण्यावर दिसतो, बाकीचा बुडालेला असतो. शंभर किलोच्या आसपास वजनाचा नर यावरून बिनदिक्कत चालतो, पण थर जाड असेल तरच. एक मीटरच्या खाली गेला की भरवसा संपतो. खूर आरपार जातो आणि जनावर पोटापर्यंत रुतते.

हा थर दरवर्षी स्वतःची डागडुजी करून घेत असे. पावसाळा सरला की सरोवर उतरायचे, फुमदी तळाला टेकायची, मुळे गाळात शिरून पोषण घ्यायची. पुढच्या पावसात ती नव्या वाढीसह पुन्हा तरंगायची. १९८३ साली १०५ मेगावॉटच्या जलविद्युत प्रकल्पासाठी मणिपूर नदीवर इथाई बंधारा सुरू झाला आणि हे चक्र मोडले. समुद्रसपाटीपासून ७६८.५ मीटर ही जलाशयाची पूर्ण पातळी. वीज अखंड मिळावी म्हणून कोरड्या महिन्यांतही पाणी वर राखले जाते. मग फुमदी तळाला टेकतच नाही. मुळे पाण्यात लोंबत राहतात, खालचा लगदा कुजून सुटतो, वरची वाढ ती झीज भरून काढू शकत नाही.

गंमत अशी, की त्याच सरोवराच्या उघड्या भागात फुमदी नको तितकी माजली आहे. इंफाळचे सांडपाणी नांबुल नदीवाटे लोकताकमध्ये येते, त्या खतावर ती पोसते. पूर्वी सुटलेले तुकडे खोरदाक प्रवाहातून नदीला मिळून निघून जात. आता ते अडून राहतात. म्हणून यंत्रे लावून फुमदी काढण्यावर पैसा खर्च होतो. काढलेली फुमदी काठावरच टाकली तर कुजून तिचा रस पुन्हा सरोवरात उतरतो, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. ती लांब नेऊन तिचे खत करावे. आणि उद्यानाच्या हद्दीलगत यंत्र नेऊच नये. तिथली कड एकदा फाटली की वाऱ्याच्या जोरावर मोठमोठे तुकडे सुटत जातात.

आमची मुख्य मागणी साधी आहे. जानेवारी ते मार्च या काळात निदान सहा आठवडे, उद्यानातली फुमदी तळाला टेकेल इतकी पातळी उतरवावी. दरवाजे एकदम उघडू नयेत, रोज थोडे थोडे पाणी सोडावे. झटक्याने उतरले तर थर मधोमध चिरतो. किती उतरवायचे ते कार्यालयात बसून ठरणार नाही. फुमदीला भोक पाडून, खालच्या टोकाला आकडा (हुक) असलेली खुणांची काठी आत सोडायची, आकडा थराच्या तळाला अडकेपर्यंत वर ओढायची आणि जाडी वाचायची. त्याच भोकातून काठी तळापर्यंत नेली की मधले पाणी किती तेही कळते. ठरलेल्या त्याच जागी दरवर्षी पाणी उतरवण्याआधी आणि पावसाळ्यानंतर ही मोजणी व्हावी.

यात वीज कमी मिळेल, हे उघड आहे. पण पावसाळ्यापूर्वी सरोवरात जागा मोकळी राहिली तर काठच्या शेतांत शिरणारे पुराचे पाणीही कमी होईल. तो हिशेब वीजतुटीशेजारी मांडलाच जात नाही. पाणी उतरल्यावर मासेमारांच्या होड्या अडतात, म्हणून तारखा त्यांना विचारूनच ठरवाव्यात.

पावसात फुमदी वर उचलली जाते तेव्हा हरणांना पाबोट, तोया आणि चिंगजाओ या उद्यानातल्या टेकड्यांचाही आसरा असतो. तिथे माणसांची आणि गुरांची वर्दळ नको. भोवतालच्या गावांतल्या गुरांना लाळ्या-खुरकुताची लस वेळेवर मिळावी, कारण जंगली संगाई जगात एवढ्या एकाच ठिकाणी आहे आणि एखादी साथ सगळा कळप नेऊ शकते. दुसऱ्या अधिवासासाठी पुमलेन पाट या सरोवराचे नाव घेतले जाते. तिथे हरणे सोडण्याआधी ईशिंग कंबोंग हे त्यांचे आवडते गवत पुरेसे आहे का आणि हिवाळ्यात पाणी खरोखर उतरते का, हे आधी तपासावे.

– पाणथळ जागांचे काही अभ्यासक