आरक्षण बदलण्याआधी क्षेत्रसभा घ्या

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

शहराच्या मंजूर विकास योजनेत, म्हणजे कोणती जमीन कशासाठी हे ठरवणाऱ्या नकाशात, मैदान, शाळा किंवा बाजारासाठी राखलेल्या जागेचे आरक्षण बदलायचे असेल, तर आधी त्या प्रभागातली क्षेत्रसभा, म्हणजे तिथल्या मतदारांची सभा, बोलावून तिचा ठराव घेणे बंधनकारक करावे, एवढ्या एका मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे.

मी आयुष्यभर नकाशे उतरवले. सरकारी कार्यालयात अनुरेखक होतो. ट्रेसिंग क्लॉथ, रोट्रिंगची पेने आणि अमोनिया प्रिंटचा डोळे चुरचुरवणारा वास यांतच नोकरी गेली. रहिवासाला पिवळा, मैदानाला हिरवा, हे आजही हाताला पाठ आहे. एक सेंटीमीटरला शंभर मीटर या प्रमाणाच्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर पाच मीटर रुंद होते. नवी मुंबईतल्या कोपरखैरण्यात मी राहतो तसले बैठे घर त्या रेघेखाली पुरते झाकले जाते. म्हणून रेघ कुठून जावी हे ठरवताना त्या जागेवर वावरणारा माणूस समोर असायला हवा, असे मी नोकरीत असल्यापासून म्हणत आलो आहे.

1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम 37 मध्ये फेरबदलाची पद्धत दिली आहे. राजपत्रात सूचना काढायची, एक महिन्यात हरकती व सूचना मागवायच्या, बाधितांना सुनावणी द्यायची आणि प्रस्ताव मंजुरीसाठी शासनाकडे पाठवायचा. वाचताना हे पुरेसे वाटते. प्रत्यक्षात सूचना येते ती अशी: भूखंड क्रमांक अमुक, सेक्टर तमुक, क्षेत्र इतके चौरस मीटर, आरक्षण वगळून रहिवास विभागात समाविष्ट. आपली मुले रोज संध्याकाळी जिथे खेळतात ती हीच जागा, हे त्या ओळीवरून शंभरातल्या एकालाही कळणार नाही. त्यात दोष वाचणाऱ्याचा नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीजवळच्या एका मोकळ्या भूखंडाबद्दल अशी सूचना निघाली. मी नकाशा ट्रेसिंग पेपरवर उतरवून आणला, मोठा केला आणि पिठाच्या गिरणीच्या भिंतीवर लावला. त्यावर वडाचे झाड, बसथांबा, मच्छी मार्केट अशी ओळखीची ठिकाणे लिहिली. मग लोक थांबून पाहू लागले आणि बोलू लागले. गावठाणातल्या एका म्हाताऱ्या आगरी गृहस्थांनी सांगितले की ही जागा मुळात खाडीच्या फाट्याची. बांध घालून तिथे भातशेती व्हायची, आणि उधाणाला बांध फुटला की पाणी पहिल्यांदा तिथेच चढायचे. मच्छी विकणाऱ्या ताईंनी सांगितले की आजही जुलैमध्ये गुडघाभर पाणी तिथेच साठते, मार्केटमध्ये येत नाही. एपीएमसीच्या घाऊक बाजारात काम केलेले एक माथाडी म्हणाले की रात्री टेम्पो तिथे उभे राहतात म्हणून गल्ल्या मोकळ्या आहेत. ती जागा गेली तर अग्निशमनाची गाडी आत शिरणार नाही.

यातले पाण्याचे बोलणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. नवी मुंबईचा बराच भाग भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे, म्हणून तर शहर वसवताना धारण तलाव बांधावे लागले. भरती चढली की खाडीकडची झडप मिटते आणि पावसाचे पाणी ओहोटीपर्यंत तलावात थांबते. तलाव गाळाने भरत गेला की ते पाणी दुसरी सखल जागा शोधते. आमच्या वस्तीत ती जागा म्हणजे हा भूखंड. नकाशात तो फक्त एक चौकोन आहे. त्याची उंची-खोली, त्याचा पावसाळा नकाशात नाही. तो त्या तिघांना ठाऊक होता आणि त्यांना कोणी विचारले नव्हते.

आम्ही हरकती दिल्या. सुनावणीत प्रत्येकाला दोन-तीन मिनिटे मिळाली, अधिकारी सौजन्याने वागले. पण प्रस्ताव आधीच तयार होता, आणि तयार प्रस्तावावर दोन मिनिटांत बोललेले वाक्य कुठे पोहोचते हे मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूने पुष्कळ वर्षे पाहिलेले आहे. आमच्या हरकतींचे काय झाले याचे लेखी उत्तर आलेले नाही. निर्णयही अजून व्हायचा आहे.

नवी मुंबईत हा प्रश्न जास्त अवघड आहे, कारण इथे जमिनीची मालक सिडको, म्हणजे हे शहर वसवणारे सरकारी महामंडळ, आणि नियोजन प्राधिकरण महापालिका. 1970 पासून 95 गावांच्या जमिनी घेऊन हे शहर उभे राहिले. त्या गावांना तेव्हा कोणी विचारले नाही. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड परत मिळण्याचा हक्क मिळवायला शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढावे लागले आणि जानेवारी 1984 मध्ये पाच शेतकऱ्यांनी गोळीबारात प्राण दिले. 1992 मध्ये महापालिका आली, तरी शहराची स्वतःची प्रारूप विकास योजना प्रसिद्ध व्हायला 2022 साल उजाडले. आणि त्या वेळी सभागृहच नव्हते. नगरसेवकांची मुदत मे 2020 मध्ये संपली होती आणि कारभार प्रशासकांकडे होता. पुढच्या वीस वर्षांत कुठे शाळा, कुठे दवाखाना, कुठे मैदान याचा प्रारूप नकाशा लोकांपुढे आला, तेव्हा लोकांचा एकही निवडून दिलेला माणूस त्या टेबलावर बसलेला नव्हता. सार्वजनिक सुविधांसाठी राखायच्या भूखंडांवरून सिडको आणि महापालिका यांच्यात मतभेद झाले, तेही दोन कार्यालयांच्या पत्रव्यवहारातून. ज्यांच्यासाठी त्या सुविधा, ते बाहेर.

महापालिकेच्याही वर शासन आहे. कलम 37 च्या पोटकलम (1कक) खाली शासन स्वतःच फेरबदलाची सूचना काढू शकते, आणि हरकतींची मुदत संपण्याआधीच कलम 154 खाली निर्देश देऊन बदल लगेच लागू केल्याची उदाहरणे आहेत. मग हरकत कशावर घ्यायची? डिसेंबर 2020 पासून मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रे सोडून राज्यभर एकच विकास नियंत्रण नियमावली, म्हणजे बांधकामाचे नियम, लागू आहे. तिचे फायदे मी नाकारत नाही. नियम एका जागी सापडतात, पळवाटा कमी होतात. पण पठारावरच्या लातूरला आणि खाडीत भराव टाकून केलेल्या आमच्या सेक्टरला तोच नियम लावताना स्थानिक सभागृहाच्या हाती फारसे काही उरत नाही.

74 व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांसाठी अठरा विषय दिले. त्यातला पहिलाच विषय नगर नियोजन. महाराष्ट्राने 2009 मध्ये महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूदही केली. लगतच्या मतदान केंद्रांचे सगळे मतदार मिळून एक सभा, म्हणजे शहरातली ग्रामसभाच. माझ्या भागात अशी सभा भरलेली मी पाहिलेली नाही. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणत सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला आणि ते जंगल ग्रामसभेत बसून सांभाळले. एवढ्या मोठ्या जंगलाचा निर्णय एक लहान गाव करू शकते, तर एका मैदानाबद्दल आमचा प्रभाग नक्कीच बोलू शकतो.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो खरा आहे. स्थानिकांच्या हाती निर्णय दिला तर आधी घर मिळालेले लोक नंतर येणाऱ्यांना दार बंद करतील. रेल्वे स्थानकांसमोरच्या जागांवर स्वस्त घरांची योजना आली तेव्हा काही ठिकाणी विरोध झाला. त्यात गर्दी आणि पार्किंगची रास्त चिंता होती, तशी ‘असले लोक इथे नकोत’ अशी कुजबुजही माझ्या कानांनी ऐकली. ती ऐकून मला फार वाईट वाटले. कोपरखैरणे आणि घणसोली माथाडींच्या, कामगारांच्या, लहान पगारदारांच्या घरांनीच वसले. मला परवडेल असे घर त्या काळी कोणी बांधले म्हणून मी आज नवी मुंबईकर आहे. त्यामुळे गरिबांची घरे नकोत असा ठराव करण्याचा अधिकार कोणत्याही क्षेत्रसभेला नसावा. प्रत्येक प्रभागाने किती घरांना जागा द्यायची हे शहराने ठरवावे आणि ते टाळता येऊ नये. ती घरे कोणत्या भूखंडावर, किती उंच, आणि त्यांच्याबरोबर पाणी, शाळा, मैदान कुठे, हे मात्र क्षेत्रसभेने सांगावे. सभेचा ठराव डावलायचा असेल तर महापालिकेने आणि शासनाने कारणे लेखी द्यावीत, आणि ती त्याच वस्तीत फलकावर लावावीत. शासनाने स्वतः काढलेल्या फेरबदलांनाही हाच नियम असावा. सभेच्या आधी त्या भूखंडावर साध्या मराठीत पाटी आणि ओळखीच्या खुणांचा नकाशा लावायला खर्च नगण्य येतो. अनुरेखकाचे एका दिवसाचे काम आहे.

आपल्याकडेही एक विनंती आहे. फेरबदलाच्या सूचना वर्तमानपत्रांतून जाहीर सूचनांच्या बारीक टायपात येतात. आपल्या ठाणे-नवी मुंबई आवृत्तीत त्या बातमी म्हणून, परिसराचे नाव आणि जवळची खूण देऊन छापाव्यात, आणि शक्य तितक्या पहिल्याच आठवड्यात. हरकतीला महिनाच असतो, आणि त्यातले बरेच दिवस सूचना कोणत्या जागेची आहे हे शोधण्यात जातात.

आपला,
एक निवृत्त अनुरेखक
कोपरखैरणे, नवी मुंबई